अश्रूंचे शुद्धिपत्र

ताई जाऊन आठ दिवस झाले होते, आणि घरात अजून रडत होते ते एकटे मास्तर.

मास्तर हा ताईचा कुत्रा. निसर्गाने ज्यांना अंगापेक्षा दोन मापे मोठी कातडी बेतली आणि ती आत घेऊन शिवायचे मग राहूनच गेले, अशा जातीतला. कपाळावर आठ्यांची दाटी, गालांच्या वळ्या ओठांवर ओघळलेल्या, कान पाकिटाच्या झाकणाएवढे, जीभ शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी निळीकाळी. ताई एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि तिच्याही कपाळावर आठ्यांनी कायमचे बिऱ्हाड केले होते. सकाळी तिला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायला येणारा आणि आल्यागेल्याकडे नापास केल्याच्या नजरेने पाहणारा हा प्राणी मास्तरच असला पाहिजे, असे मुलांनी ठरवून टाकले. त्यानंतर त्याला एकेरी हाक मारण्याची घरातही कुणाची छाती झाली नाही.

तर हे मास्तर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, ताईच्या उंच पाठीच्या खुर्चीमागे, भिंतीकडे तोंड करून बसत आणि त्यांच्या डोळ्यांतून संथ, अखंड, निःशब्द पाणी वाहत राही. एकेका वळीतून वाट काढत ते ओठांपर्यंत येई, तिथे क्षणभर अडखळे आणि मग फरशीवर टपके.

ताईच्या धाकट्या भावाला तेवढेही साधले नव्हते.

हा भाऊ एका दैनिकात सव्वीस वर्षे निधनवार्तांचे सदर सांभाळत होता. कचेरीत त्याला सगळे चित्रगुप्त म्हणत. त्याचे खरे नाव आता फक्त हजेरीपत्रकाला ठाऊक होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने एका हयात गृहस्थाला छापून मारले होते. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पेपराची घडी काखेत मारून कचेरीत आले आणि "मजकूर चांगला आहे, पण थोडा आगाऊ आहे," एवढेच बोलून निघून गेले. त्या दिवसापासून चित्रगुप्ताचा नियम होता: दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय त्याच्या सदरात कुणी मरत नसे.

सव्वीस वर्षे इतरांची हळहळ योग्य त्या शब्दसंख्येत बसवून देता देता त्याची स्वतःची हळहळ कुठे गळून गेली, हे त्याला कळले नाही. ताई गेली त्या दुपारी त्याने तिची बातमी स्वतःच लिहिली. अकरा ओळी, कुणाच्याही लिहिल्या असत्या तशाच. लिहून झाल्यावर त्याला त्या ओळींची लाज वाटली. आणि मग, घरून निघताना खुर्चीमागे पाहिलेले दृश्य आठवून, त्याने बारावी ओळ जोडली: "त्यांच्या लाडक्या मास्तरांच्या डोळ्यांतील अश्रू मात्र अद्याप थांबलेले नाहीत." या एका ओळीसाठी त्याने दुसऱ्या ठिकाणी विचारपूस केली नाही. विचारायचे तरी कुणाला?

त्या ओळीने मास्तर प्रसिद्ध झाले. संपादकांकडे पत्रे आली. शाळेची मुले खिडकीतून डोकावून जाऊ लागली. भेटायला येणारी माणसे आधी खुर्चीमागे वाकून पाहत आणि मग चित्रगुप्ताकडे वळत.

"जनावर असून केवढी माया!" समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, आणि त्याच्या कोरड्या डोळ्यांकडे अशा काही पाहू लागल्या की त्याने उगाच चष्मा काढून पुसला.

त्याला त्याचे वाईट वाटले असते, पण खरे सांगायचे तर त्याला उलट बरे वाटत होते. घरातले रडणे कुणीतरी करत होते. काम वाटून दिल्यासारखे झाले होते.

बुधवारी धाकटी बहीण, छोटी, बॅगेसह येऊन दाखल झाली. छोटी समारंभांचे सूत्रसंचालन करी. माइकसमोर कुठे थांबायचे आणि कुठे गळा दाटून आणायचा, हे तिच्याइतके कुणाला कळत नसे. रविवारी शाळेच्या सभागृहात ताईची स्मृतिसभा ठरली होती आणि तिचा आराखडा छोटीने बॅग उघडण्याआधीच सांगून टाकला.

"ताईचा फोटो मधोमध. त्याच्या खाली मास्तर. उजवीकडून उजेड, म्हणजे गालांवरचं पाणी चमकेल. अध्यक्षांचं भाषण संपलं की मी दोन मिनिटं काही म्हणजे काहीच बोलणार नाही. सगळ्यांना नुसते मास्तर दिसतील. बघ, एकूण एक माणूस रुमाल काढतो की नाही."

"आणि ते झोपले तर?"

"दादा, अख्खी सभा तुझ्या त्या एका ओळीवर उभी आहे. निदान तू तरी असं बोलू नकोस."

गुरुवारी सकाळी मास्तरांचा उजवा डोळा उघडला नाही. शिवाय त्यांच्या अंगाला बंद पेटीत ओले कपडे राहून जावेत तसा वास येऊ लागला होता. ताईच्या हयातीत चित्रगुप्ताचा आणि मास्तरांचा संबंध येता-जाता एकमेकांकडे मान हलवण्यापुरता होता. अंगाला हात लावण्याची सलगी दोघांनीही कधी केली नव्हती. आता त्याने रुमाल ओला केला आणि मागून जाऊन त्यांचा चेहरा पुसायला हात पुढे केला, तर मास्तर गर्रकन वळून असे गुरगुरले की रुमाल तिथेच पडला आणि मनगटावर दाताचा ओरखडा उठला. शोकाचे असे रागात रूपांतर होते, हे त्याने कुठेतरी वाचले होते. तरीही तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

जनावरांच्या डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, आखूड केसांच्या आणि त्याहून आखूड वाक्यांच्या होत्या.

"मागून हात लावलात ना?" त्याच्या मनगटावरचा ओरखडा पाहून त्यांनी विचारले. "भुवयांच्या वळ्यांमुळे याला बाजूचं दिसत नाही. तुम्ही त्या बाजूनं आलात की याच्या लेखी आभाळातून पडता. समोरून यायचं. आधी हात हुंगू द्यायचा."

"तसं नाही. ते दुःखात आहेत," चित्रगुप्त म्हणाला. "माझी बहीण गेली. त्यांची मालकीण."

"ऐकलं मी. फार वाईट झालं." त्यांनी अंगठ्याने मास्तरांची पापणी अलगद बाहेर वळवली. "पण दुःख मला तपासता येत नाही. पापणी तपासता येते. ही बघा, कातडीच्या भारानं आत दुमडली आहे. या जातीत हे नेहमीचं. डोळा मिटला की केस बुबुळावर घासतात. दिवसभर कुणी डोळ्यात ब्रश फिरवावा, तसं."

त्यांनी डोळ्यात नारिंगी रंगाचा एक थेंब सोडला, खोलीतला दिवा मालवला आणि निळ्या उजेडाची बॅटरी धरली. मास्तरांच्या बुबुळावर एक हिरवी रेघ लखलखली. काळोख्या खोलीत, त्या म्हाताऱ्यासारख्या चेहऱ्यात, ती रेघ इतकी सुंदर दिसली की ती जखम आहे हे समजायला चित्रगुप्ताला वेळ लागला.

"म्हणजे... ते रडत नाहीत?"

"तुमच्या डोळ्यात कुसळ गेलं तर त्याला तुम्ही रडणं म्हणता का?" त्यांनी दिवा लावला आणि कपाटातून मास्तरांचे कार्ड काढले. "आणि हे आजचं नाही. चार महिन्यांपूर्वी तुमच्या बहिणीलाच सांगितलं होतं. म्हणाल्या, वार्षिक परीक्षा संपू देत, उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घेऊ."

कार्डावर तारीख होती. ताई धडधाकट होती, सहामाहीचे पेपर तपासत होती, तेव्हाची. 'दोन्ही डोळ्यांतून सतत पाणी' असे त्यापुढे निळ्या शाईत लिहिले होते. चित्रगुप्ताने सव्वीस वर्षे पाळलेला नियम एकदाच मोडला होता, आणि न शोधलेले दुसरे ठिकाण हे असे, एका पुठ्ठ्याच्या कार्डावर, त्याची वाट पाहत होते. एकाच घरात राहून चार महिने पाणी गळत होते आणि त्याने ते पाहिले ते बातमीला एक ओळ कमी पडली तेव्हा.

"आणि ही पांढरी चिकटी कसली?" मानेवरची एक जाड वळी उघडत डॉक्टरबाईंनी विचारले.

"पावडर असेल. ताई लावायची. रोज सकाळी आधी स्वतःला, मग त्यांना."

"मायेनंच लावत असणार. पण पावडर ओल पिते आणि वळीत चिखल होऊन बसते. खालची कातडी बघा, कशी सोलवटली आहे. यापुढे पावडर बंद. प्रत्येक वळी उघडायची, ओल्या मऊ कापडानं पुसायची आणि लगेच दुसऱ्या, कोरड्या कापडानं. दुसरं कापड विसरलात तर पहिलंही फुकट. वळीत ओल राहिली की पुन्हा तेच."

"दोन कापडं," चित्रगुप्त म्हणाला.

"आणि याच्या चेहऱ्यावरून काही ठरवू नका. हा आनंदात असला तरी असाच दिसतो. शेपूट बघा, श्वास ऐका, कुठं जाऊन बसतो ते बघा. ऑपरेशन उद्या सकाळी करू. पापणीची थोडी कातडी काढून टाके घालायचे. सोमवारपर्यंत थांबलात, तर उजवा डोळा राहील असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

घरी येऊन त्याने हे सगळे छोटीला सांगितले. ते ऐकताना तिचा चेहरा, कार्यक्रम रंगात आलेला असताना वीज गेल्यासारखा झाला.

"सोमवारी केलं तर?"

"डोळा जाईल म्हणाल्या."

"जाईल असं म्हणाल्या, की राहीलच असं सांगत नाही म्हणाल्या? दोन्हींत फरक आहे, दादा. तू पेपरात काम करतोस, तुला कळायला हवं." तिचा आवाज खाली आला. "अरे, सहाशे लोक येणार आहेत. त्यांना काय सांगू? ताईसाठी कुणी रडत नव्हतं, पापणी दुमडली होती म्हणून?"

"खरं तेच आहे."

"खऱ्याचं काय करायचंय त्या सभेत! ताईला आयुष्यभर लोक घाबरले. तिच्यावर कुणी माया केली, याचा एवढा एकच पुरावा आहे आपल्याकडे."

हे वाक्य तिने माइकशिवाय म्हटले होते आणि त्यात कुठेही ठरवून घेतलेला विराम नव्हता. तेवढ्यात शाळेच्या अध्यक्षांचा फोन आला. तेही म्हणाले, "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. थेंब वगैरे घालून निभावता येतं का बघा. पत्रिकेत छापलंय हो आम्ही, 'मास्तरांच्या उपस्थितीत'."

आणि चित्रगुप्ताने, लिहायला संकोच वाटेल पण लिहिलेच पाहिजे, दवाखान्यात फोन करून ऑपरेशन सोमवारवर ढकलले. त्याने स्वतःची समजूत घातली की हे छोटीसाठी. आत कुठेतरी त्याला ठाऊक होते की मास्तर कोरडे झाले की घरातले रडण्याचे काम पुन्हा त्याच्याकडे येणार होते, आणि त्याला ते अजून येत नव्हते.

शुक्रवारी दुपारी तो कचेरीतून लवकर परतला. छोटी सभागृह पाहायला गेली होती. मास्तर नेहमीच्या जागी, खुर्चीमागे, भिंतीला नाक लावून बसले होते. डॉक्टरबाईंनी दिलेले थेंब घालायचे म्हणून तो फरशीवर, भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या अरुंद फटीत, त्यांच्या समोरून सरकत गेला. त्याने हात पुढे धरला. बऱ्याच वेळाने एक ओले, थंड नाक तळव्याला लागले.

तिथे बसल्यावर त्याच्या लक्षात आले की ही जागा घरातली सर्वांत अंधारी जागा होती. पश्चिमेची खिडकी सताड उघडी होती, सगळा दिवाणखाना उन्हाने पांढरा झाला होता, आणि ताईच्या खुर्चीच्या उंच पाठीची सावली बरोबर या फटीत पडत होती. खुर्ची कुणाची होती, याला त्यात काही अर्थ नव्हता.

कुठे बसतो ते बघा, असे डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. तो उठला आणि खिडकीचा जाड पडदा ओढून घेतला. खोली विहिरीसारखी झाली. मिनिटभर काही घडले नाही. मग खुर्चीमागून नखांचा टकटक आवाज आला. मास्तर बाहेर आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले, अंग झाडले, सगळ्या वळ्या एका दिशेला जाऊन पुन्हा जागच्या जागी आल्या, आणि मग ते चित्रगुप्ताच्या पायाशी येऊन, त्याच्या पावलांवर हनुवटी टाकून आडवे झाले. आठ दिवस ज्याला सगळ्यांनी विरह म्हटले होते, तो उजेडाचा त्रास होता. आणि एवढ्या आठ दिवसांत पडदा ओढण्याचे कुणाला सुचले नव्हते, कारण सगळे रुमाल शोधत होते.

आता खात्री दोन ठिकाणांहून झाली होती. त्याने दवाखान्यात फोन केला.

"उद्या सकाळी पहिला नंबर द्याल का?"

"सोमवार ठरला होता ना?"

"चूक झाली. दुरुस्त करतोय."

शनिवारी मास्तर भुलीखाली असताना तो दवाखान्याच्या बाकावर बसून एक मजकूर लिहीत होता: "अमुक तारखेच्या अंकात निधनवार्तेत ज्यांना अश्रू म्हटले गेले, ते पापणीच्या विकारामुळे येणारे पाणी होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत." त्याने तो संपादकांना फोनवर वाचून दाखवला.

"वेड लागलंय का तुला?" संपादक म्हणाले. "कुत्र्याच्या अश्रूंचं शुद्धिपत्र? माझी बायको रडली आहे त्या ओळीवर."

"ती ओळ खोटी होती."

"असेल. पण चांगली होती. तुझ्या सव्वीस वर्षांतली तेवढी एकच. राहू दे ती."

छोटी शनिवारभर त्याच्याशी बोलली नाही. रविवारी मात्र तिने मास्तरांना न्यायचेच ठरवले. पत्रिकेत छापले होते. सभागृह गच्च भरले होते. मधोमध ताईचा फोटो, कपाळावरच्या आठ्यांसकट, आणि त्याखाली मास्तर: गळ्यात, टाके खाजवू नयेत म्हणून घातलेले प्लास्टिकचे भले मोठे नरसाळे, पापण्यांवर काळे टाके, आणि डोळे ठणठणीत कोरडे. अध्यक्षांचे भाषण संपले. छोटी माइकपाशी आली आणि गप्प राहिली. त्या दोन मिनिटांत सभागृहात फक्त एक आवाज होता. मास्तर घोरत होते. नरसाळ्यामुळे तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचत होता.

"इतक्यात विसरला सुद्धा," तिसऱ्या रांगेतून काकूंचे कुजबुजणे आले. "शेवटी जनावरच ते."

कुणाचाच रुमाल निघाला नाही. छोटीचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा शाळेचे म्हातारे शिपाई, ज्यांचे नाव वक्त्यांच्या यादीत नव्हते, मागच्या दाराजवळून मोठ्याने म्हणाले, "बाईंना हेच आवडलं असतं! कुणी रडायला लागलं की बाई त्याला वर्गाबाहेर काढायच्या. म्हणायच्या, तोंड धुऊन ये, मग बोलू."

आधी एक हसू फुटले, मग दुसरे, आणि मग सहाशे माणसे हसली. ज्यांना ज्यांना ताईने वर्गाबाहेर काढले होते ते सगळे. हसता हसता त्यांतल्या कित्येकांनी डोळे पुसले, पण ते आराखड्यात नव्हते आणि उजेडही चुकीच्या बाजूने होता. छोटी माइक तोंडापाशी धरून तशीच उभी राहिली. तिचा गळा खरोखरच दाटला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काय बोलायचे हे तिला ठाऊक नव्हते.

सभेहून परतल्यावर, खिडकीत अजून उजेड होता तोवर, चित्रगुप्त दोन कापडे घेऊन बसला. समोरून, आधी हात हुंगू देऊन. चेहऱ्याच्या वळ्या मास्तर भुलीखाली असताना डॉक्टरबाईंनीच स्वच्छ केल्या होत्या. मानेच्या राहिल्या होत्या. त्याने एकेक उघडली, पुसली, कोरडी केली. खांद्यावरची शेवटची, सर्वांत जाड वळी उघडली आणि सकाळी आठ वाजता घराच्या बोळातून शाळेकडे निघालेली ताई एकदम तिथे आली: त्याच पावडरीचा तोच घट्ट, फुलांचा, किंचित कडक वास.

तो थांबला. एक वळी राहिली तर काय बिघडते, असे त्याच्या मनात आले; आणि पाठोपाठ हेही आले की गुरुवारी 'तीन दिवसांचा तर प्रश्न आहे' असे म्हणणारी माणसे नेमकी याच सुरात बोलली होती. वासाखाली कातडी लाल होती. ताईने मनापासून केलेली चूक तिथे जखम होऊन बसली होती.

त्याने ओले कापड फिरवले. पांढरी चिकटी कापडावर आली. मग दुसरे कापड.

पुसताना त्याला दोन शिंका आल्या, आणि मग डोळ्यांत पाणी आले. ते थांबेना. चष्म्याखालून गालावर, गालावरून हनुवटीपर्यंत. त्याच्याही चेहऱ्यावर आता त्याला वाट काढायला पुरेशा वळ्या झाल्या होत्या. मास्तरांनी नरसाळ्याच्या तळातून, दोन्ही उघड्या डोळ्यांनी, नापास केल्याच्या नजरेने त्याच्याकडे पाहिले. पण शेपूट एकदा हलली.

पावडर डोळ्यांत गेली असावी. खात्री करून घ्यायला दुसरे ठिकाण जवळ नव्हते, म्हणून चित्रगुप्ताने ही बातमी आपल्यापुरतीच ठेवली, आणि कोरडे कापड पुन्हा एकदा त्या वळीतून फिरवले.